कँटरबरीच्या मैदानावर जातिवंत घोड्याचा हंगाम कसा चालवावा : १८८० च्या दशकातील मालकासाठी क्रमवार मार्गदर्शन

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील कँटरबरी प्रांतातील जुनी वर्तमानपत्रे उघडली की दरवर्षी ऑगस्टपासून पुढे एकाच प्रकारच्या जाहिरातींचे रकाने दिसू लागतात. वर ठशाने छापलेले घोड्याचे चित्र, त्याखाली ठळक अक्षरांत घोड्याचे नाव, मग रंग, उंची, चार-पाच पिढ्यांची वंशावळ, जिंकलेली बक्षिसे, आठवड्याचा मार्ग आणि शेवटी बारीक टायपात दर व अटी. युरोपीय वसाहतवाल्यांच्या त्या शेतीप्रधान जिल्ह्यांत खच्ची न केलेला, जातिवंत वळू घोडा बाळगणे आणि शेतकऱ्यांच्या माद्या, म्हणजे घोडी, त्याच्याकडून फळवून देणे हा रीतसर धंदा होता. त्या काळातील मालकाच्या जागी बसून हा धंदा पहिल्या दिवसापासून वसुलीपर्यंत कसा चालवावा लागे, ते येथे क्रमाने मांडले आहे. जुन्या जाहिराती वाचणाऱ्या अभ्यासकाला आणि त्या काळावर कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्याला त्याचा उपयोग व्हावा.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. जाहिरातीतील सर्वाधिक जागा वंशावळीने व्यापलेली असते, त्यामुळे धंदा वंशावळीवर चालतो असे वाचणाऱ्याला वाटते. वंशावळीमुळे शेतकरी घोडा पाहायला येतो, हे खरे; परंतु हंगामाची आखणी, मार्ग, दर, अटी आणि वसुली या साऱ्यांच्या मुळाशी घोडीचे माजाचे चक्र असते. घोडी वसंत आणि उन्हाळ्यात (दक्षिण गोलार्धात सप्टेंबर ते फेब्रुवारी) साधारण २१ दिवसांनी माजावर येते, पाच ते सात दिवस माजावर राहते आणि फळल्यावर सुमारे ११ महिन्यांनी विते. हे तीन आकडे ज्या मालकाच्या डोक्यात पक्के बसले, त्याची जाहिरात साधी असली तरी त्याचा हंगाम नीट पार पडे.

जिल्ह्याला कोणता घोडा हवा, हे आधी ठरवावे

घोडा विकत घेण्यापूर्वी जिल्हा पाहावा. १८७० च्या दशकात कँटरबरीच्या मैदानावर गव्हाचे क्षेत्र झपाट्याने वाढले. एका वेळी दोन-तीन सऱ्या ओढणारे नांगर, पेरणीयंत्रे, कापणीयंत्रे आणि धान्याच्या गाड्या ओढण्यासाठी वजनदार, संथ आणि भक्कम घोड्यांची मागणी वाढत गेली. अशा गावांत स्कॉटलंडमधील क्लाइड्सडेल जातीचा घोडा चाले. काही ठिकाणी इंग्लंडमधील शायरही. या जातींच्या पायांवर गुडघ्याखाली झुपकेदार लव असते, आणि स्कॉटिश शेतकरी त्या लवेचा पोत हातात घेऊन पाहत असे, कारण रेशमी लव असली की खालचे हाड सपाट आणि कठीण असते, अशी त्याची धारणा होती.

डोंगरपायथ्याकडील मेंढपाळीच्या मोठ्या जमिनींवर गरज निराळी होती. तेथे दिवसभर रपेट करणारा हलका घोडा लागे. शहरांना बग्गीचे आणि डाकगाडीचे घोडे लागत. शर्यतींचा शौक तर सर्वत्रच होता. त्यामुळे शर्यतीसाठी जोपासलेल्या इंग्लिश थरोब्रेड जातीच्या घोड्याचा मालक जाहिरातीत शर्यतीच्या विजयांखाली बहुधा एक ओळ जोडी, की हा घोडा बग्गीचे, शिकारीचे आणि स्वारीचे घोडे देण्यासही उत्तम आहे. ती ओळ पोकळ नव्हती. १८७८ मध्ये ऑकलंडकडे आणलेल्या मस्केट या थरोब्रेड घोड्याकडे सुरुवातीला साध्या, मिश्र रक्ताच्या घोड्याही येत. त्याच मस्केटचा १८८५ मध्ये जन्मलेला मुलगा कार्बाइन याने पुढे १८९० चा मेलबर्न कप ३९ घोड्यांत, १० स्टोन ५ पौंड (सुमारे ६६ किलो) वजन पाठीवर घेऊन जिंकला.

आणखी एक गिऱ्हाईक समुद्रापलीकडे होते. हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्कराला घोडदळासाठी आणि तोफखान्यासाठी दरवर्षी घोडे लागत, आणि ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स वसाहतीवरून ‘वेलर’ म्हणून ओळखले जाणारे घोडे जहाजांनी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे उतरत. या बाजाराचे खरे मानकरी ऑस्ट्रेलियन होते. तरीही हलक्या घोड्याच्या मालकाने आपली शिंगरे लष्करी खरेदीदाराला चालतील एवढी मजबूत निघतात का, हे पाहणे शहाणपणाचे असे.

घोड्याचे अंग आणि वय

घोडा मायदेशातून आणायचा, की शेजारच्या ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया किंवा टास्मानियातून, की वसाहतीतच जन्मलेला घ्यायचा, हा पैशाचा प्रश्न होता. ब्रिटनमधून शिडाच्या जहाजाने येण्यास तीन महिने किंवा अधिक लागत, आणि घोडा तेवढा काळ अरुंद कप्प्यात उभा असे. अशा घोड्याला उतरल्याबरोबर गावोगावच्या फेरीवर काढू नये. उत्तर गोलार्धातील वसंत हा येथील शरद असतो. प्राण्याची कातडी, केस आणि कामेच्छा दिवसाच्या लांबीनुसार बदलतात, म्हणून तो शरदात उतरेल आणि हिवाळाभर विसावेल असाच प्रवास ठरवावा. वयाचाही घोळ होतो. ब्रिटनमध्ये थरोब्रेडचे वय १ जानेवारीपासून मोजतात, येथे १ ऑगस्टपासून. जाहिरातीत वय लिहिताना कोणत्या हिशेबाने लिहितो, हे स्पष्ट असावे.

अंगाची परीक्षा पायापासून वर करावी. ब्रिटनमधील प्रदर्शनांत ज्या खोडी वंशाने उतरतात असे मानले जाई, त्याच येथेही तपासाव्यात : खुराच्या वरच्या हाडावर येणारी वाढ, खुराच्या बाजूच्या कूर्चेचे हाड होणे, मागच्या पायाच्या मधल्या सांध्यातील हाडाची गाठ, धावताना घशातून येणारी घरघर आणि डोळ्यातील मोतीबिंदू. घोडा कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवून पाहावा, मागे सरकवून पाहावा, दौडवून लगेच त्याचा श्वास ऐकावा. पशुवैद्याचा लेखी दाखला मिळाला तर त्याचा उल्लेख जाहिरातीत अवश्य करावा.

उंची ‘हँड’मध्ये सांगतात आणि एक हँड म्हणजे ४ इंच, १६ हँड ही नांगराच्या घोड्याची मान्य उंची. मात्र उंचीने भारावून जाणारे शेतकरी बरेच, म्हणून मालकही उंची वाढवून लिहीत, आणि मला तर जाहिरातीतील उंचीपेक्षा पुढच्या पायाच्या नळीचा घेर दिलेला दिसला की त्या मालकाबद्दल अधिक विश्वास वाटतो. स्वभावही पाहावाच. १८६२ मध्ये न्यूझीलंडला आलेला ट्रॅड्यूसर हा नामांकित थरोब्रेड चावरा आणि भयंकर तापट म्हणून ओळखला जाई. त्याची संतती एवढी वेगवान निघाली की लोकांनी ते सोसले. नांगराच्या घोड्याला अशी सवलत कोणी देत नाही.

वंशावळ कशी तपासावी आणि कशी लिहावी

थरोब्रेडच्या बाबतीत काम तुलनेने सोपे आहे. इंग्लंडचे जनरल स्टड बुक, म्हणजे वंशावळींची छापील नोंदवही, १७९० च्या दशकापासून छापले जात होते आणि ऑस्ट्रेलियन स्टड बुकचा पहिला खंड १८७८ मध्ये निघाला. घोड्याची आई या नोंदींत सापडली पाहिजे. बाप सापडणे पुरेसे नाही. वसाहतीत जन्मलेल्या घोड्याची मातृपरंपरा पाचव्या-सहाव्या पिढीत ‘अमुक घोड्याची एक मुलगी’ अशा निनावी घोडीवर येऊन थांबते, तेथे हिशेब संपला असे समजावे; त्यापुढे लिहिलेली प्रत्येक ओळ मालकाच्या भरवशावर घ्यावी लागते.

भारी जातींमध्ये अडचण मोठी होती. क्लाइड्सडेलची वंशावळ नोंदणारी संस्था १८७७ मध्ये स्थापन झाली आणि तिचा पहिला खंड १८७८ मध्ये आला. इंग्लंडच्या वजनदार गाडीघोड्यांची संस्थाही १८७८ चीच. १८८४ पासून ती शायर हे नाव वापरू लागली. याचा अर्थ असा की १८८० च्या आसपास वसाहतीत फिरणाऱ्या बहुतेक भारी घोड्यांच्या आज्या-पणज्या कोणत्याही वहीत नव्हत्या. त्यांची वंशावळ म्हणजे तोंडी परंपरा, प्रदर्शनांचे निकाल आणि विक्रेत्याची चिठ्ठी. नोंद असेल तर घोड्याच्या नावापुढे कंसात क्रमांक देण्याची पद्धत होती. प्रिन्स ऑफ वेल्स (६७३) आणि डार्नली (२२२) हे स्कॉटलंडमधील दोन महान पूर्वज या क्रमांकांनीच ओळखले जातात. आपल्या घोड्याच्या वंशावळीत हे क्रमांक आले तर ते छापावेत. क्रमांक नसताना नुसते प्रसिद्ध नाव छापले, तर जाणकार लगेच ओळखतात, कारण एकाच नावाचे अनेक घोडे असत. चँपियन, सर विल्यम वॉलेस, लॉर्ड असली नावे ठिकठिकाणी वापरलेली असत, आणि ‘यंग’ लावून मुलाला बापाचेच नाव देण्याची चाल होती.

लिहिण्यात दोन संकेत काटेकोरपणे पाळावेत. ‘सख्खा भाऊ’ असे लिहिले तर आई आणि बाप दोन्ही एकच असले पाहिजेत. ‘सावत्र भाऊ’ हा शब्द घोड्यांच्या जगात केवळ एका आईच्या मुलांसाठी वापरतात. बाप एक असणारे तर शेकडो असतात, त्या नात्याला किंमत नाही. ज्या मालकाने आपल्या घोड्याला बापाच्या बाजूने एखाद्या विजेत्याचा सावत्र भाऊ म्हटले, त्याच्याबद्दल घोडेबाजारात हसू होई आणि त्याच्या जाहिरातीतील बाकीचा मजकूरही संशयाने वाचला जाई.

बक्षिसांच्या यादीत वर्ष, ठिकाण आणि वर्ग द्यावा. ‘तीन वर्षांच्या वर्गात पहिला’ आणि ‘सर्व वयांत सर्वश्रेष्ठ’ यांत फार अंतर आहे.

एका ठिकाणी ठेवावा की फिरवावा

थरोब्रेड घोडा बहुधा मालकाच्या पागेवर राही आणि घोड्या त्याच्याकडे येत. क्राइस्टचर्च ते टिमारू हा रेल्वेमार्ग १८७६ मध्ये पूर्ण झाल्यावर घोडी रेल्वेने पाठवणे सोपे झाले. जाहिरातीत ‘स्टेशनवर घोडी उतरवून घेतली जाईल’ असे लिहिलेले दिसते. अशा मालकाला कुंपण घातलेली, पाणी असलेली कुरणे हवीत, व्यालेल्या घोड्यांसाठी वेगळी जागा हवी आणि चराईचा दर वेगळा लावावा लागतो.

नांगराचा घोडा मात्र फिरवावा लागे. कारण उघड आहे : ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्याची घोडी जोताला असते. तिला दहा मैल नेऊन दिवस बुडवणे त्याला परवडत नाही. घोडा दारी आला तर जोत सोडून अर्ध्या तासात काम होते.

फेरीची आखणी

पुढील सारे यावर उभे आहे, म्हणून येथे घाई करू नये. घोडी पाच ते सात दिवस माजावर राहते. घोडा दर आठवड्याला एकाच वारी, एकाच ठिकाणी, एकाच वेळी आला, तर जिल्ह्यातील बहुतेक प्रत्येक घोडी तिच्या माजाच्या काळात एकदा तरी त्याच्या समोर येते. शिवाय आज फळवलेली घोडी २१ दिवसांनी, म्हणजे बरोबर तिसऱ्या फेरीला, पुन्हा दाखवता येते. ती घोड्याला नाकारू लागली तर गाभण असण्याची शक्यता चांगली. सात दिवसांची फेरी आणि तीन आठवड्यांचे चक्र यांचा हा मेळ केवळ सोयीचा नाही, संपूर्ण धंद्याचे गणित त्यात बसलेले आहे. पंधरवड्याची फेरी ठेवणारा मालक जास्त गावे गाठतो. पण दोन भेटींच्या मधल्या काळात माजावर येऊन गेलेल्या घोड्या त्याच्या हातून निसटतात, आणि तिसरा आठवडा त्याच्या फेरीत बसतच नाही.

उदाहरणादाखल अ‍ॅशबर्टन परिसरातील एक फेरी आखून पाहू. सोमवारी सकाळी अ‍ॅशबर्टनहून निघून टिनवाल्डवरून दक्षिणेस हिंड्सला मुक्काम. मंगळवारी आत वळून मेफील्ड. बुधवारी डोंगराच्या अंगाने माउंट सोमर्स. गुरुवारी मेथ्वेन. शुक्रवारी विंचमोरच्या वाटेने परत. शनिवारी अ‍ॅशबर्टनमध्येच थांबावे, कारण गावात खरेदीला आलेले शेतकरी त्या दिवशी घोडा पाहतात आणि बोलणी करतात. रविवारी घोड्यालाही विश्रांती आणि मोतद्दारालाही, म्हणजे घोडा घेऊन फिरणाऱ्या नोकरालाही; धर्मनिष्ठ जिल्ह्यात रविवारी घोडा रस्त्यावर दिसला तर बोलणाऱ्यांना विषय मिळतो.

नद्यांचा विचार केल्याशिवाय मार्ग छापू नये. राकाया, रंगिटाटा, वायमाकारिरी या नद्या अनेक धारांत विभागून रुंद पात्रातून वाहतात, आणि वसंतात वायव्येचा उष्ण वारा सुटला की डोंगरावरील पाऊस आणि बर्फाचे पाणी एकदम खाली येते. मैदानावर कोरडे ऊन असताना नदी फुगलेली असते. हा वारा नेमका घोड्याच्या हंगामातच वाहतो. म्हणून मोठी नदी ओलांडणारी फेरी, जवळ पूल असल्याखेरीज, ठेवू नये. एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंतचा पट्टा हाच एका घोड्याचा नैसर्गिक जिल्हा होय.

सुरुवात १ ऑक्टोबरच्या आसपास करावी. सप्टेंबरमध्ये बऱ्याच घोड्यांचा माज अनियमित असतो. त्या अनेक दिवस घोड्याला स्वीकारतात, पण गाभण राहत नाहीत, आणि तरणा घोडा विनाकारण थकतो. १ ऑक्टोबरपासून १५ आठवडे मोजले तर जानेवारीचा मध्य येतो, आणि या काळात प्रत्येक घोडीला पाच संधी मिळतात. त्यानंतर फळवलेली घोडी पुढच्या डिसेंबर अखेरीस किंवा जानेवारीत, ऐन कापणीच्या तोंडावर विणार. शेतकऱ्याला ते नकोच असते. १० ऑक्टोबरला फळलेली घोडी मात्र पुढच्या सप्टेंबरच्या मध्यास, कोवळे गवत उगवत असताना विते.

दर आणि अटी

नांगराच्या घोड्याचा दर साधारणपणे दोन-तीन गिनींच्या आसपास असे. नावाजलेल्या थरोब्रेडचा त्याहून पुष्कळ अधिक. गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंड म्हणजे २०. याशिवाय मोतद्दाराची प्रत्येक घोडीमागे पाच शिलिंगांसारखी छोटी रक्कम वेगळी असे, आणि ती बहुधा जागेवरच रोख घेतली जाई.

दर ठरवण्यापेक्षा अट ठरवणे अवघड. तीन प्रकार प्रचलित होते. पहिला, फळवले की पैसे, शिंगरू होवो न होवो. दुसरा, हमीची अट : शिंगरू झाले नाही तर पैसे नाहीत. तिसरा, पैसे आता, पण घोडी रिकामी राहिली तर पुढच्या हंगामी मोफत. एक कल्पित हिशेब मांडू. ७० घोड्या, दर ३ गिनी. पहिल्या अटीवर २१० गिनी, म्हणजे २२० पौंड १० शिलिंग. आता समजा १ गिनी फळवताना आणि २ गिनी शिंगरू झाल्यावर असे ठरले, आणि ७० पैकी ४२ घोड्या व्याल्या. तर ७० अधिक ८४, म्हणजे १५४ गिनी, म्हणजे १६१ पौंड १४ शिलिंग. फरक जवळजवळ ५९ पौंडांचा. ही रक्कम मालकाने शेतकऱ्याच्या जोखमीपोटी स्वतः उचललेली असते, आणि तिच्या मोबदल्यात एरवी न येणाऱ्या घोड्या येतात. १८८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये मंदी लांबली होती, शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा नव्हता. अशा वेळी हमीची अट देणाऱ्याकडे गिऱ्हाईक वळणे स्वाभाविक होते. माझ्या मते नवख्या घोड्यासाठी दुसरी किंवा मिश्र अट, आणि ज्याची शिंगरे जिल्ह्यात दिसू लागली आहेत अशा घोड्यासाठी पहिली अट ठेवावी.

बारीक टायपातील वाक्ये कंटाळवाणी दिसतात, पण प्रत्येकामागे एखादे भांडण आहे. ‘योग्य काळजी घेतली जाईल, परंतु जबाबदारी घेतली जाणार नाही’ हे वाक्य घोडी लाथ लागून किंवा कुंपणात अडकून जखमी झाली तर कामी येते. ‘विकलेल्या किंवा हस्तांतरित केलेल्या घोडीचे पैसे द्यावे लागतील’ ही अट अधिक चतुर आहे : हमीच्या अटीवर फळवलेली घोडी शेतकऱ्याने मार्चमध्ये विकून टाकली, तर ती व्याली की नाही हे मालकाला कधी कळणार? म्हणून विकली ती गाभण, असे धरले जाई. एकाच मालकाच्या दोन किंवा अधिक घोड्यांना सवलत द्यावी, पण त्या खरोखर त्याच्याच असाव्यात असे लिहून ठेवावे; अन्यथा शेजाऱ्यांच्या घोड्या एका नावावर येतात.

पैसे देण्याची तारीख ठरलेली असावी. जानेवारीचा आरंभ ही रूढ तारीख. जेथे पीकच पैसा आणते तेथे कापणीनंतरची तारीख दिली तर वसुलीची भांडणे कमी होतात.

जाहिरात, कार्ड आणि मिरवणूक

ऑगस्टच्या मध्यास जाहिरात सुरू करावी आणि किमान नोव्हेंबरपर्यंत ठेवावी. जिल्ह्याचे स्थानिक पत्र आणि क्राइस्टचर्चचे एक मोठे पत्र पुरे. त्याच छापखान्यातून कार्डे छापून घ्यावीत : एका बाजूस चित्र आणि वंशावळ, दुसऱ्या बाजूस मार्ग आणि अटी. ही कार्डे सराईत, लोहाराच्या भट्टीवर आणि खोगीर करणाऱ्याच्या दुकानात ठेवावीत. वंशावळीचा मजकूर दोनदा तपासून छापावा. मार्गाचा मजकूर तीनदा, कारण चुकलेल्या आजीमुळे कोणी दिवसभर रस्त्यावर वाट पाहत उभा राहत नाही.

वसंतात शेतकी संस्था वळू घोड्यांची मिरवणूक भरवीत. तेथे घोडा न्यावाच. मात्र बक्षिसासाठी त्याला चरबीने फुगवू नये. गुबगुबीत घोडा परीक्षकाला आवडतो, पण हंगामात सुस्त पडतो.

मोतद्दार

घोडा मालकाचा असला तरी जिल्ह्याला दिसतो तो मोतद्दार. तो साडेतीन महिने एकटा, रोज नव्या सराईत, खिशात इतरांची रोकड आणि हातात भांडवलाचा घोडा घेऊन फिरतो. त्यामुळे दारूच्या बाबतीत संयमी आणि अक्षरओळख असलेला मोतद्दार मिळाला तर त्याला दोन शिलिंग अधिक द्यावेत. घोडा तो हाताने चालवत नेतो किंवा स्वतः तट्टावर बसून घोडा बाजूने धरतो. रोजची मजल आठ ते पंधरा मैल असावी. चंदी म्हणून दळलेला किंवा चेचलेला ओट, कापलेली ओटची वैरण, थोडा कोंडा आणि जेथे मिळेल तेथे हिरवे गवत, खरारा रोज. फळवल्यानंतर लगेच पोटभर थंड पाणी पाजू नये, असा त्या काळच्या मोतद्दारांचा नेम होता.

तरण्या, तीन वर्षांच्या घोड्याला हंगामात ३०-४० घोड्यांपेक्षा अधिक देऊ नयेत. पूर्ण वाढलेल्याला ६० ते १०० चालतात. दिवसाला दोन, एक सकाळी, एक संध्याकाळी. अधिक पैशासाठी तिसरी घेणारा मोतद्दार मालकाला शेवटी तोट्यातच टाकतो.

घोडी पारखणे आणि फळवणे

घोडी थेट घोड्यासमोर आणू नये. मध्ये भक्कम आडवी फळी किंवा फाटक असावे. माजावरील घोडी शेपूट उचलते, पाय फाकवून उभी राहते, वारंवार थोडे थोडे मुतते. नसलेली किंचाळते, कान मागे टाकते आणि फळीवर लाथा झाडते. पहिल्या क्षणाच्या लाथेवरून निर्णय करू नये. शांत होण्यास काही मिनिटे द्यावीत. शिंगरू पायाशी असलेली घोडी शिंगरू दिसेल अशा ठिकाणी धरावी, नाहीतर ती कशालाच उभी राहत नाही. अशी घोडी व्याल्यानंतर नवव्या दिवसाच्या आसपास माजावर येते, हे शेतकऱ्यांना ठाऊक असे, आणि पुष्कळजण तोच दिवस धरीत.

फळवताना मागच्या पायांचे नाल काढलेले असावेत, शेपटीला कापड गुंडाळावे, आणि घोडीच्या पायांना अडकवायची दोरी झटक्यात सुटणारी असावी. दोन माणसे लागतातच. घोड्याचा लगाम मोतद्दाराच्याच हाती राहावा. शेतकऱ्याने फक्त घोडी धरावी.

वही आणि वसुली

मोतद्दाराजवळ प्रत आणि मूळ असे दोन भाग असलेली वही द्यावी. प्रत्येक घोडीसाठी तारीख, मालक, ठिकाण, घोडीचा रंग व खुणा आणि ती कोणत्या अटीवर आली, हे जागेवर लिहून शेतकऱ्याची सही घ्यावी आणि एक भाग त्याला द्यावा. पुढे २१, ४२ आणि ६३ व्या दिवसाच्या रकान्यांत ती पुन्हा स्वीकारते की नाकारते, ते नोंदवावे. रंगाची नोंद ढोबळ नसावी. ‘कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी’ एवढ्यावर भागत नाही, कारण जिल्ह्यातील निम्म्या घोड्या कुमैतच. कपाळावरचा चांदवा, कोणता पाय पांढरा, डाग, हे लिहावे. पैशाचा वाद रेसिडेंट मॅजिस्ट्रेटपुढे, म्हणजे जिल्ह्यातील न्यायाधीशापुढे, गेला तर ही वहीच साक्ष देते, आणि सही नसलेली नोंद तेथे फारशी टिकत नाही.

हमीच्या अटीवर आलेल्या घोड्यांची यादी पुढच्या सप्टेंबरमध्ये पुन्हा काढून फेरीतच तपासावी. त्याच फेरीत पहिली शिंगरे दिसतात, आणि ती नीट पाहून घ्यावीत : कोणत्या प्रकारच्या घोडीवर हा घोडा चांगला उतरतो, कोणत्या घोडीवर पाय कमकुवत निघतात. त्यानुसार पुढच्या वर्षी शेतकऱ्याला स्पष्ट सल्ला द्यावा आणि एखादी घोडी नाकारायची असेल तर नाकारावी.

एकाच जिल्ह्यात घोडा किती वर्षे ठेवावा, याचेही उत्तर दिनदर्शिकाच देते. १८८३ च्या वसंतात फळवलेल्या घोडीची मादी शिंगरे १८८४ मध्ये जन्मतात आणि १८८७ च्या वसंतात तीन वर्षांची होऊन स्वतः घोड्याकडे येतात. म्हणजे पाचव्या हंगामात त्याच्याच मुली त्याच्यासमोर उभ्या राहू लागतात. म्हणून चौथा हंगाम संपताच, जानेवारीत, घोडा विक्रीला काढावा किंवा राकायाच्या पलीकडील मालकाशी अदलाबदल करावी. त्या वेळी जिल्ह्यात त्याची दोन वर्षांची शिंगरे जोताला लागू लागलेली असतात आणि त्याची किंमतही सर्वाधिक असते.